दुसऱ्या खुंटीवरचं जाकीट

हॉकीत गोलात उभं राहायचं वेड कुणाला का लागावं, देव जाणे. पुढे खेळणारीने गोल मारला की सगळ्याजणी तिच्या अंगावर पडतात, पेपरात तिचं नाव येतं. गोलकीपरने ढीगभर बॉल अडवले तरी ती कुणाच्या खिजगणतीत नसते, आणि एक आत गेला की सगळं मैदान मान वळवून तिच्याकडे बघतं. त्यात टीम चांगली असली तर आणखीच पंचाईत. सगळा खेळ तिकडे पलीकडे, आणि ही बाई इकडे पायांना गादीएवढे पॅड बांधून थंडीत एकटी उभी. आसावरी गुप्तेने हे वर्षानुवर्षं केलं, आणि रीतसर पगार घेऊन केलं.

आसावरी मँचेस्टरचीच. वडील रघुवीर गुप्ते तरुणपणी इथे आले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. आई आशाताई म्हणजे कडक प्रकरण. बाहेर काय ते इंग्लिश फाडा, घरात मराठी, हा त्यांचा कायदा. मुलीने दूध मागताना 'मिल्क' म्हटलं तर दूध मिळायचं नाही. म्हणून आसावरीचं मराठी इथे जन्मूनही स्वच्छ राहिलं. ते बोलायला पुढे माणूस उरणार नाही, हे काही आशाताईंनी धरलं नव्हतं.

कॉलेजात तिला शिल्पा केळकर भेटली, शेजारच्या स्टॉकपोर्टची. साल चौऱ्याऐंशी. सगळ्या कॉलेजात मराठी अशा या दोघीच. शिल्पा फुलबॅक होती, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. पाय चपळ, डोकं थंड, पण एक खोड वाईट. समोरून कुणी बॉल घेऊन आली की पुढे जाऊन भिडायचं सोडून ही मागे मागे सरकायची. मागे गोल उघडा पडेल अशी धास्ती. एका मॅचला आसावरीचं डोकं फिरलं आणि ती ओरडली, "अगं जा ना पुढे, मी आहे!"

घाईत माणूस आईच्या भाषेत ओरडतं, त्यात नवल नाही. शिल्पा गेली आणि बॉल काढून घेऊन आली. समोरच्या पोरींना काही कळलं नाही, हे दोघींच्या लक्षात आलं, आणि मग काय, सगळ्या हाकाच मराठीत सुरू झाल्या. 'आत' म्हणजे मी गोलातच थांबते, तू धाव. 'बाहेर' म्हणजे दोघींनीही पुढे झेपावायचं, मागे गोल मोकळा सोडून. आणि 'मी आहे' म्हणजे मागची काळजी करू नकोस. सगळ्या लँकेशायर परगण्यात या हाका कुणाला उलगडल्या नाहीत.

पुढे दोघींना हॉलंडच्या एका क्लबने उचललं. राहायला खोली, फिरायला सायकल आणि महिन्याला पगार. हॉकीवर पोट भरतंय यावर रघुवीररावांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. तिथे त्या खोलीत, स्टोव्हवर पोहे परतताना, दोघींचं ठरलं होतं. रिटायर झालो की परत आपल्या कॉलेजला जायचं. तू डिफेन्स शिकव, मी गोलकीपर. हे बोलणं शिल्पाचंच. आसावरीने ते मनाच्या तळाशी जपून ठेवलं, आणि गडबड तिथेच झाली. काही माणसं बोलून मोकळी होतात आणि काही माणसं ऐकून अडकतात.

शिल्पा दोन सीझन खेळली. मग लंडनच्या बँकेतला उदय राजवाडे भेटला, लग्न झालं, वर्षभरात ईशिता झाली आणि लंडनजवळ मेडनहेडला घर झालं. आसावरी राहिली. तिचीही जमवाजमव झाली असती, एक डच मनुष्य बरा होता, पण तो शनिवार-रविवार फिरायला जाऊ म्हणायचा आणि हिची शनिवार-रविवारी मॅच. शेवटी त्याने फिरायला जायला दुसरी कुणीतरी शोधली. पस्तिशीत गुडघा गेला. बाबा आधीच गेले होते. मग आई गेली, आणि रिकामं घर विकायला म्हणून आसावरी मँचेस्टरला आली ती घर न विकता तिथेच राहिली.

कॉलेजच्या प्रिन्सिपल मिसेस हार्डकासल. त्यांनी तिला आनंदाने कोच म्हणून घेतलं. वर म्हणाल्या, डिफेन्ससाठी आणखी एक जागा आहे, तुमच्या ओळखीचं कुणी?

ओळखीचं कुणी! आसावरीने त्याच संध्याकाळी फोन लावला. शिल्पा म्हणाली, "अगं, येतेच. उदयला मँचेस्टर ऑफिसला ट्रान्सफर मिळतेय का बघते." मग ट्रान्सफरचं लांबलं. मग ईशिताची जीसीएसई, म्हणजे इकडची दहावी, आली. मग किचनचं काम निघालं. दोन वर्षं अशी गेली. कुणी शहाणी असती तर तिने किचनपाशीच ओळखलं असतं. पण आसावरी गोलकीपर, बॉल रेषेच्या आत पूर्ण गेल्याशिवाय गोल झाला असं ती मानायची नाही.

ॲस्ट्रोच्या, म्हणजे नकली हिरवळीच्या मैदानाच्या, कडेला लाकडी शेड होती. आत प्रॅक्टिसला मांडायचे प्लास्टिकचे कोन, पोरींनी वरून घालायचे रंगीत बिब, पंप आणि भिंतीला दोन खुंट्या. आसावरीने कॉलेजच्या रंगाची दोन जाकिटं करून घेतली, मागे कॉलेजचं नाव आणि छातीवर अक्षरं. एका जाकिटावर एजी आणि दुसऱ्यावर एसके. आता बघा, शिल्पाच्या लग्नाला जवळजवळ अठरा वर्षं झालेली, आणि हिने जाकिटावर घातलं माहेरचं आडनाव. दुकानातून आणल्यावर लक्षात आलं. पण उसवून घ्यावं असं काही तिला वाटलं नाही. जाकीट दुसऱ्या खुंटीवर लटकलं आणि लटकतच राहिलं.

एकटेपणा म्हणजे काय, तर हेच. घरात आशाताईंची कायद्याची खुर्ची आणि बोलायला भिंत. मराठी मंडळात एकदा गणपतीला गेली. पुण्या-नागपूरहून नवी आलेली आयटीतली मंडळी, माणसं चांगली, मोदकही चांगले. एका वहिनींनी विचारलं, "तुम्ही काय करता?" म्हणाली, हॉकी शिकवते. "अय्या, छान! आणि जॉब?" मग मिस्टर काय करतात, मुलं कितवीत, आणि मिस्टर नाहीत कळल्यावर वहिनींनी तिच्या ताटात आणखी एक मोदक वाढला. आसावरी परत गेली नाही. उरला रविवारचा शिल्पाचा फोन. आठवडाभरातलं मराठी त्या एका फोनमध्ये उरकायचं.

म्हणून तिने कॉलेजच्या पोरींना त्या जुन्या हाका शिकवल्या. हार्डकासलबाईंना सांगितलं की ही गुप्त भाषा आहे, आमची परंपरा आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण सांगायचं तर तिला त्या ऐकायच्या होत्या. आठवड्यात तीनदा, पावसात, गोऱ्या-काळ्या पोरी 'आत', 'बाहेर' असं घसा फोडून ओरडायच्या, आणि कडेला उभं राहून ही बाई ते अंगावर शेक घ्यावा तसं घ्यायची. गोलात हॅना नावाची सतरा वर्षांची मुलगी होती, उंच, अबोल. घरी एक शब्द बोलत नाही म्हणे, पण गोलात उभी राहिली की तोंड थांबायचं नाही. तिचं 'मी आहे' इतकं ठणठणीत होतं की डोळे मिटले तर आसावरीला हॉलंड दिसायचं.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत हार्डकासलबाईंनी सांगितलं, ईस्टरपर्यंत मैत्रिणीचा होकार येऊ दे, नाहीतर ती जागा मी जाहिरातीला टाकते. त्यांचंही बरोबर होतं. आणि त्याच आठवड्यात कपच्या क्वार्टर फायनलचा ड्रॉ आला. समोर मेडनहेडची शाळा. त्यांच्या टीमचा हुकमी एक्का म्हणून नावाजलेली सेंटर फॉरवर्ड, ईशिता राजवाडे.

"मी येतेय," शिल्पा फोनवर म्हणाली. "पोरींच्या बसच्या मागे गाडी घेऊन. समोरासमोर बोलू."

समोरासमोर बोलू म्हणजे होच ना? नाही म्हणायला कुणी दोनशे मैल गाडी हाकत येतं का? आसावरीने शेड झाडली. हार्डकासलबाईंना चहाच्या वेळेला थांबायला सांगितलं. सकाळी उठून दडपे पोहे केले, ओलं खोबरं फ्रोजन, पण लिंबू आणि मिरची वेळच्या वेळी.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. हाका बदलल्या नाहीत. डोक्यात आलं होतं बरं का, कोच म्हणून पहिलं तेच यायला हवं. समोरच्या टीमची एक आई या हाका बनवणाऱ्यांपैकी एक आहे, म्हटल्यावर दुसरं कुणीही एका प्रॅक्टिसमध्ये सगळं बदलून मोकळं झालं असतं. पण ईशिताला मराठी येत नाही, हे रडगाणं शिल्पा दर रविवारी लावायची. आणि शिल्पा स्वतः? छे, शिल्पा कसली सांगतेय. शिवाय या हाका पुन्हा या मैदानावर उठताना शिल्पाने ऐकायला हव्यात, एवढीच आसावरीची इच्छा होती. ऐकल्या की ती येईलच.

मॅचच्या दिवशी वारा नुसता कापत होता. शिल्पा गाडीतून उतरली ती पातळ कोटात, इंग्लंडच्या उबदार दक्षिणेतून आल्यासारखी. दोघींनी मिठी मारली.

"असू, किती बारीक झालीस गं."

"आणि तुला थंडीचं भान कधी येणार?" आसावरीने शेडमधून दुसऱ्या खुंटीवरचं जाकीट आणलं. शिल्पाने छातीवरची अक्षरं बघितली. त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि जाकीट अंगात घातलं. मग, लेक तिकडे खेळते म्हणून, मेडनहेडच्या आई-बापांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. मँचेस्टरच्या कॉलेजचं नाव पाठीवर आणि तोंडाने समोरच्यांचा जयजयकार. तिच्या शेजारचे आई-बाप तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होते.

मॅच अटीतटीची झाली. एक-एक. हॅनाच्या हाका मैदानभर घुमत होत्या आणि पलीकडे शिल्पा पहिल्यांदा दचकली, मग हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. एवढ्या लांबूनही आसावरीला ते दिसलं. तिला वाटलं, झालं, जमलं.

शेवटी शेवटी मेडनहेडला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बॉल गोलाच्या बाजूच्या रेषेवरून ईशिताकडे येणार, ती तो ताडकन गोलात मारणार, आणि हॅनाने तो कसा अडवायचा ते क्षणात ठरवायचं. बॉल निघाला. हॅना गरजली, "बाहेर!" आणि ती आणि तिच्या पुढची पोर दोघी ईशितावर धावल्या. अगदी बरोबर. ईशिताने स्टिक मागे नेली होती, तिने मारला असता तर बॉल हॅनाच्या पॅडवर आपटून कॉलेजच्या पार्किंगात गेला असता.

"ईशू, मारू नकोस! बाजूला दे!"

शिल्पाचा आवाज. मराठीत, स्वच्छ. ईशिताची स्टिक हवेतच थांबली. तिने बॉल अलगद बाजूला ढकलला, तिथे दुसरी मुलगी उभी होती, आणि समोर गोल सताड उघडा. दोन-एक.

हॅना जमिनीवर पडल्या पडल्या मागे बघत राहिली, तिला काय झालं तेच कळेना. आसावरीला कळलं. त्या मैदानावर शिल्पा आणि ती सोडून आणखी कुणालाच कळलं नसेल. जाकीट आपलं, हाका आपल्या, आणि शिल्पा त्यांची.

मॅचनंतर यजमानांनी पाहुण्यांना खाऊ घालायचं, ही इकडच्या हॉकीची रीत. हरलं तरी वाढायचं. पोरी बेक्ड पोटॅटो आणि बीन्सवर तुटून पडल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी आसावरीने पोह्यांचा डबा उघडला.

"चुकलं गं माझं," शिल्पा म्हणाली. "तोंडातून निघूनच गेलं. मला कळलंच नाही मी काय बोलतेय."

"कळलं असतं तर बोलली नसतीस?"

शिल्पाने विचार केला. खोटं बोलायची तिला कधीच सवय नव्हती, नुसती लांबणीवर टाकायची सवय होती. "बोललेच असते," ती म्हणाली.

तेवढ्यात ईशिता प्लेट घेऊन आली, घामेजलेली, गाल लाल. "आई, तू सांगितला तसा मी केला ना? आय जस्ट हर्ड यू अँड डिड इट." आणि आसावरीकडे वळून, "हॅलो मावशी. सॉरी हां. तुमची गोली खूप चांगला आहे."

पोरगी गेली. शिल्पाचे डोळे भरून आले होते. "असू, ती घरी माझ्याशी मराठीत बोलतच नाही. मी बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. सतरा वर्षं मला वाटायचं, मी भिंतीशी बोलतेय. आणि आज बघ."

भिंतीशी बोलणं म्हणजे काय ते आसावरीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याला जागा सापडेना.

"हार्डकासलबाई थांबल्यात," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

शिल्पाने पोह्यांत चमचा फिरवला. "नाही म्हणून सांग. मी बहुधा कधीच येणार नव्हते गं. फोनवर सांगवत नव्हतं. दर रविवारी तू त्या खुंटीचं काहीतरी बोलायचीस. म्हटलं, निदान तोंडावर तरी सांगावं. म्हणून आले."

"दोन वर्षं, शिल्पा."

"हो. दोन वर्षं."

पोहे मात्र तिने सगळे संपवले. निघताना जाकीट काढून, घडी घालून पुढे केलं. आसावरीने घेतलं नाही. "घेऊन जा. एसके नावाचं दुसरं कोण आहे इथे?" शिल्पाने ते पुन्हा अंगात घातलं. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत आसावरी हात हलवत होती. मग शेडमध्ये जाऊन, दार लावून, रडली. रडली म्हणजे रडली, त्यात लपवायचं काय? मैत्रीण गेल्यावर माणसाने काय करावं, कोन मोजावेत?

रविवारी फोन आला, पण तो ईशिता कशी खेळली याबद्दल होता, आणि लवकर संपला.

सोमवारी प्रॅक्टिसला हॅना पॅड बांधता बांधता म्हणाली, "कोच, मी विचार केला. त्यांना आपल्या हाका कळल्या. त्या बाईंनी ओरडून सांगितलं."

"बरोबर आहे तुझं."

"मग बदलायला हव्यात ना?"

आसावरीने आधी सगळे कोन मांडले. कोच म्हणून दुसरं उत्तर नव्हतंच. फुटलेली खूण ठेवून खेळणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. आणि बदलल्या की या मैदानावर मराठीचा एक शब्द उरणार नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. तिने पोरींना गोळा केलं. 'आत'चं झालं 'रेड', 'बाहेर'चं झालं 'ब्लू'. पोरींनी एकदा म्हणून पाहिलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि त्यांना ते जास्त सोपं गेलं. हसत हसत त्या जागेवर गेल्या.

हॅना गोलाकडे निघाली होती, ती थांबून वळली. "आणि कोच, 'मी आहे'? त्याला काय म्हणायचं?"

वारा पडला होता. शेडचं दार उघडं होतं आणि आतली दुसरी खुंटी इथून दिसत होती, मोकळी.

"ते राहू दे," आसावरी म्हणाली.

"पण ते त्यांना कळलं तर?"

"कळू दे. ते समोरच्याला कळलं म्हणून काही बिघडत नाही."